उजवा डोळा पेणचा, डावा रोह्याचा

माझ्या मांडीवर पहिल्यांदा एका डोळ्याचा गणपती बसला तेव्हा मला नोकरी लागून आठवडासुद्धा झाला नव्हता. रोह्याच्या पुढे धाटावला एका केमिकल कंपनीत मी लॅबमध्ये होते. कंपनीची बस सकाळी पेणहून सुटायची. आमचं गाव गागोदे, तिथून रोज ती बस गाठणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पेणमध्ये खोली घेतली होती. खोलीचे मालक गणपतीचे कारखानदार. त्या सकाळी मी डबा पिशवीत टाकून खाली उतरले तर मालक जिन्यापाशीच उभे, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली मूर्ती.

"बाय, हा रोह्याला सोडायचाय," ते म्हणाले. "नाक्यावर दाढीवाला माणूस उभा असंल. त्याच्याशी काय बोलू नको, नुसता दे. आणि तोंडावरचा कागद काढू नको."

एवढं सांगितल्यावर कुणी कागद काढल्याशिवाय राहील का? वडखळ गेल्यावर मी काढला. सोंड, मुकुट, शेला, सगळं रंगवून तयार होतं. उजवा डोळा इतका शांत आणि समजूतदार होता की मी जराशी ओशाळलेच. आणि डाव्या डोळ्याच्या जागी काहीच नाही, नुसता अंगाचा रंग.

शेजारी प्लँटवरचा एक ऑपरेटर बसला होता. त्याने मूर्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पहिलाच काय? आमी सगळ्यांनी नेलेत. खिडकीकडं धरू नका, धूळ बसते."

मालकांचं नाव मी इथे घेत नाही. घेऊन उपयोगही नाही, कारण त्यांना नावाने कुणी ओळखतच नसे. कारखान्यातली माणसं त्यांना 'पेण' म्हणत आणि त्यांच्या धाकट्या भावाला 'रोहा'. "पेण जेवायला गेलंय," "रोहा आज लय तापलाय," अशी वाक्यं मला सुरुवातीला चमत्कारिक वाटत, पुढे मीही तशीच बोलू लागले.

या सगळ्याच्या मुळाशी दोन चांदीची नाणी होती. मालकांच्या वडिलांचा पेणला कारखाना होता आणि धरमतरच्या खाडीला थोडं मिठागरही होतं. एका वर्षी उधाणाने मिठागराचा बांध फुटला. तो बांधताना चिखलात एक लहानसं मडकं निघालं आणि मडक्यात ही दोन नाणी. प्रत्येकावर एका माणसाचं डोकं आणि डोक्यावर टोकंटोकं असलेला मुकुट. एक माणूस गुबगुबीत, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी. दुसरा लांबट तोंडाचा आणि भरघोस दाढीचा. दोन्ही नाण्यांच्या मागे मात्र चित्र एकच, एकमेकांत मिळवलेले दोन हात. मुंबईच्या कुणा प्राध्यापकाने नाणी बघून सांगितलं की हे रोमचे राजे आहेत, दोघं एकाच वेळी एकाच गादीवर होते, आणि मागचे हात त्यांचेच.

प्राध्यापक एवढंच बोलला. बाकीचं वडिलांनी घातलं. त्यांना दोन मुलगे, आणि आपल्यामागे कारखान्याचं काय होणार हा घोर होताच. त्यांनी थोरल्याला जाडा राजा दिला, धाकट्याला दाढीवाला दिला आणि सांगून टाकलं, "दोघं पण राजे. परधान कोण नाय."

बाप असं काहीतरी बोलून जातो आणि मुलं विसरून जातात, ही जगाची रीत. या दोघांनी ते पाळलं. कारखान्यात एकाच सुताराकडून केलेल्या दोन सारख्या खुर्च्या आल्या. दाराला दोन कुलपं लागली, एकेकाची किल्ली एकेकाकडे, त्यामुळे एकाला उशीर झाला की दुसरा राजा पायरीवर बसून राही. भिंतीवर घड्याळं दोन. ती कधीच सारखी चालली नाहीत, म्हणून दोघांच्या मधली वेळ खरी धरायची असं ठरलं. धाकट्याने तर नाणं मिळाल्यावर दाढीच राखली. थोरल्यांना जाड होण्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागले नाहीत.

आणि गणपतीचे डोळे. पेणमध्ये डोळे रंगवण्याच्या कामाला आखणी म्हणतात आणि ते काम कारखान्यात सगळ्यात मानाचं. साचा कुणीही भरेल, रंग कुणीही देईल, पण आखणी झाली की मातीचा देव होतो. हा मान एकट्याने घ्यायचा म्हणजे दुसरा प्रधान झाला. म्हणून प्रत्येक मूर्तीचा उजवा डोळा थोरल्याने आखायचा, डावा धाकट्याने. अगदी पोरवयात हे सुरू झालं आणि तसंच चालू राहिलं. उजवा डोळा शांत, डावा किंचित मिस्कील. गिऱ्हाइकांना ती नजर इतकी आवडली की लोक मुंबईहून खास त्या नजरेसाठी येत.

मालक गिऱ्हाइकाला मूर्ती दाखवायच्या आधी रोमचा इतिहास सांगत. "एक राजा जमीन बघायचा, दुसरा दर्या. जेवायला ताट एकच. तीस वर्षं राज्य केलं, पण आवाज चढला नाय."

"काका, हे कुठे वाचलंत?" मी एकदा विचारलं.

"वाचायला कशाला पायजे? हात बघ ना नाण्यावरचे. भांडणारा माणूस असा हात देल काय?"

एकाच्या हातात कारभार असला की तो बुडतो, हे त्यांचं ठाम मत. ते निवडणुकीला अगदी वेळेवर, धुतलेला शर्ट घालून जात आणि दोन उमेदवारांवर शिक्के मारून येत. मत बाद होतं हे त्यांना माहीत होतं. "लोकांना अजून कळत नाय, त्याला मी काय करू?" असं म्हणत. मला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी मुलाला एकच प्रश्न विचारला, "घरात कुलपं किती?" मुलगा बावचळला. ते स्थळ काही जमलं नाही आणि मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

जाडा राजा त्यांच्या देव्हाऱ्यात असे, अन्नपूर्णा आणि बाळकृष्णाच्या मधे. मालकीणबाईंना मी काकी म्हणे. त्या रोज सकाळी सगळ्या देवांबरोबर त्यालाही आंघोळ घालून कुंकू लावत. त्यांच्या दृष्टीने तो घरचाच होता. "जाडे महाराजांना आज शिरा नाय केला," असं म्हणून त्या हळहळत. वर्षानुवर्षांच्या कुंकवाने रोमच्या सम्राटाचं तोंड गच्च लाल झालं होतं, दोन्ही हनुवट्यांच्या मधल्या खाचेत तर ते दगडासारखं बसलं होतं.

आता एवढं सगळं जोडीने चालत असताना एक राजा रोह्याला कसा गेला, तर एका तिरळ्या गणपतीमुळे. मी पेणला यायच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. मुंबईच्या एका मंडळाने मोठी मूर्ती नेली. मखरात बसवली आणि लोकांच्या लक्षात आलं की गणपतीचा एक डोळा भक्तांकडे आहे आणि दुसरा दानपेटीकडे. मंडळाची माणसं तणतणत पेणला आली. थोरले म्हणाले, डावा डोळा चुकला. धाकटे म्हणाले, डावा जागेवर आहे, उजवाच सरकला. निवाडा कोण करणार? वडील गेलेले आणि प्रधान तर मुळात नेमलेलाच नव्हता. धाकट्यांनी एक खुर्ची उचलली आणि बायकोला घेऊन सासुरवाडीला, रोह्याला गेले. तिथे स्वतःचा कारखाना टाकला.

पुढचा भाग मला काकींनी सांगितला, तांदूळ निवडता निवडता, हसू दाबत. रागाच्या भरात धाकट्यांनी थोरल्यांची खुर्ची उचलून नेली. दोन्ही खुर्च्या सारख्याच, पण थोरल्यांच्या खुर्चीच्या हाताला विडीने भाजल्याचा डाग होता. त्यामुळे पेणला उरली ती रोह्याची खुर्ची. दुसऱ्या राजाच्या गादीवर बसायचं कसं? तेव्हापासून मालक रंगाच्या डब्यावर बसत आणि ती खुर्ची शेजारी रिकामी असे. रोज सकाळी ते स्वतः तिची धूळ पुसत. एकदा कुणी मोठे साहेब आले, त्यांनाही मालकांनी उभंच ठेवलं.

दुसरा घोटाळा गणपती जवळ आल्यावर उघड झाला. मालकांना डावा डोळा येतच नव्हता. सगळा जन्म उजवा काढलेला. डावा काढायला गेले की तो घाबरलेला दिसे. तिकडे रोह्यालाही तेच, उजवा काढला की गणपती झोपेतून उठवल्यासारखा दिसायचा. पेणमध्ये आखणी करणाऱ्यांना काय तोटा, पण दुसऱ्याला बोलावलं तर ती नजर येईना आणि गिऱ्हाईक मूर्ती बघून परत जाऊ लागलं. बोलणं तर बंद. शेवटी कुणीच काही न ठरवता एका सकाळी एक उजव्या डोळ्याचा गणपती बसने रोह्याला गेला आणि संध्याकाळी दोन्ही डोळ्यांनी परत आला. त्याच्याबरोबर रोह्याचा एक डाव्या डोळ्याचा गणपतीही आला, उजव्यासाठी. मोठ्या मूर्ती टेम्पोने जात. लहान आमच्या मांडीवर.

माझी वर्णी निरोप पोचवायलाही लागली, कारण मी रोज जा-ये करणारी आणि शिकलेली. "त्याला सांग, भुवई जाड काढतोस. डोळ्यावर पत्रा घातल्यासारखी वाटते," मालक म्हणायचे. मी नाक्यावर सांगायची, "भुवया चांगल्या येतात म्हणाले, जरा बारीक चालतील." रोहा दाढीवरून हात फिरवत माझ्याकडे बघायचा. "तो असा बोलनार नाय. खरं काय बोलला?" मग मी खरं सांगायची आणि त्यांचा चेहरा एकदम खुलायचा. भावाने आपल्याला नावं ठेवली म्हणून इतका आनंदी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला दोघांचाही राग येई आणि दोघांवर जीवही जडला होता.

एका वर्षी श्रावणात रोह्याहून गणपती परत येणं थांबलं. सकाळी जात, संध्याकाळी बस रिकामी येई. नाक्यावर धाकट्यांची बायको मूर्ती घ्यायला उभी राही आणि मान खाली घालून घरात जाई. चौथ्या की पाचव्या खेपेला मी बसमधून उतरून तिच्या मागे गेले. रोहा खाटेवर बसला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, आपला नसल्यासारखा. मला बघून ते म्हणाले, "पेनला सांग, ये म्हनून." शब्द जड येत होते. "हात गेला, सांग."

मी त्या दिवशी लॅबमध्ये दोनदा चुकीची नोंद केली. संध्याकाळी येऊन मालकांना सगळं सांगितलं. ते डब्यावर बसून उजवे डोळे आखत होते.

"नाटक," ते म्हणाले.

"काका, मी डोळ्यांनी बघितलं."

"तुला पण फितवलंन. त्याला मला रोह्याला न्यायचंय. मी गेलो म्हंजे मी नमलो, उजवा चुकला असा अर्थ झाला. त्याला सांग, नागोठण्यापर्यंत ये. मी पण नागोठण्यापर्यंत येतो. दोन राजे मधे भेटतात."

"त्यांना खाटेवरून उठता येत नाही."

"मग माझा तिथं काय उपयोग?" असं म्हणून त्यांनी पुढची मूर्ती ओढली. पण त्या मूर्तीचा डोळा त्यांना पुसून पुन्हा काढावा लागला, हे मी पाहिलं.

काकींनी समजावलं, रडल्या, दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. रोज सकाळी मी विचारायची, "येताय का?" रोज तेच उत्तर, "नागोठणं." चतुर्थी जवळ येत होती. पेण आणि रोहा दोन्हीकडे फळ्यांवर गणपती एकेका डोळ्याने वाट बघत होते, पण मूर्तींचं जे व्हायचं ते होवो, मला भीती वेगळीच होती. दुसरा झटका आला आणि हे तसेच डब्यावर बसून राहिले तर? मग ती खुर्ची ते कोणासाठी पुसणार होते?

आणि एका रविवारी दादरचा एक तरुण गृहस्थ घरचा गणपती ठरवायला आला. मालकांनी सवयीप्रमाणे आधी रोम सांगायला घेतलं आणि काकींना जाडे महाराज आणायला सांगितले. गृहस्थाने नाणं हातात घेतलं आणि त्याचा रंगच उडाला. त्याला जुन्या नाण्यांचं वेड होतं.

"ह्याच्यावर हे काय लावलंय?"

"कुंकू," काकी म्हणाल्या. "रोज लावते मी."

तो बिचारा रंगाच्या पिंपावर बसला. मग रुमालाने नाण्याची मागची बाजू हळूहळू पुसत म्हणाला, "इथे अक्षरं आहेत. लॅटिन. दोघांचा एकमेकांवरचा विश्वास, असं काहीसं लिहिलंय."

मालक फुलले. "बघ. आणि तीस वर्षं टिकला."

"काय टिकलं?"

"राज्य. दोघांचं."

त्याला वाटलं मालक त्याची फिरकी घेताहेत. तो हसला. "काका, जेमतेम तीन महिने टिकलं. सारखे भांडायचे दोघं. हा म्हणायचा माझं घराणं मोठं, तो म्हणायचा लढाया मी मारल्या. राजवाडा वाटून घेतला होता, एक ह्या अंगाला राहायचा, एक त्या अंगाला."

मालकांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "आणि हे हात?"

"तेव्हाचेच. भांडण चालू असतानाच पाडलंय हे नाणं. लोकांना बरं वाटावं म्हणून."

"मग झालं काय?"

"त्यांचेच शिपाई एक दिवस उलटले आणि राजवाड्यावर चालून आले. दाढीवाल्याला आधी कळलं. दुसरी एक फौज जवळच होती, ती राजांच्या बाजूची. तो म्हणाला, त्यांना ताबडतोब बोलावू. पण ह्याने," त्याने नाण्यावरच्या लाल हनुवट्यांवर बोट ठेवलं, "ह्या जाड्याने बोलावू दिलं नाही."

"का?"

"त्याला वाटलं हा दाढीवाल्याचा डाव आहे. फौज आली की हा एकटाच गादीवर बसेल. त्यावरून दोघांची वादावादी चालू होती, तेवढ्यात शिपाई आत आले. दोघांना ओढत नेलं आणि मारलं."

कारखान्यातली साचे भरणारी माणसंही थांबली होती. काकींनी पदर कमरेला खोचला.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या. "डाव वाटला त्याला."

मालक उठले. नाणं गृहस्थाच्या हातून घेतलं, खिशात टाकलं, ब्रशांचा डबा काखेत मारला. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "बाय," ते मला म्हणाले, "खुर्चीची ती बाजू धर."

रविवार असल्यामुळे कंपनीची बस नव्हती. आम्ही एसटीने गेलो. मालक, मी, खुर्ची, आणि दुसरं नाणं बघायला मिळेल म्हणून मागे लागलेला तो दादरचा गृहस्थ. त्याचा गणपती ठरवायचा राहिला तो राहिलाच. कंडक्टरने टपावर टाकायला सांगितलं, मालक ऐकेनात. खुर्ची मधल्या वाटेत उभी केली आणि स्वतः तिच्याजवळ दांडा धरून उभे राहिले. वडखळला एक कोळीण पाटी घेऊन चढली, जागा नव्हती, ती सरळ खुर्चीवर बसली.

"उठ गो, ती राजाची हाय," मालक म्हणाले.

"मंग राजा आला का उठन," ती म्हणाली आणि पाटी मांडीवर घेऊन चांगली टेकून बसली. ज्या खुर्चीवर साहेब बसला नाही तिच्यावर ती नागोठण्यापर्यंत बसली. नागोठणं आलं तेव्हा ते खिडकीतून बाहेर बघू लागले. एसटी सुटली, तरी बघत होते.

रोह्याच्या कारखान्यात आम्ही शिरलो तेव्हा मला पहिली दिसली ती दुसरी खुर्ची. भिंतीला लावलेली, वर धुतलेला पंचा घातलेला. हाताला भाजल्याचा डाग. तिच्या शेजारी एक तिपाई, बसून बसून गुळगुळीत झालेली. मालकांनीही ते पाहिलं असणार, कारण ते दारातच थांबले.

"नागोठण्याला थांबायचं ठरलेलं ना?" खाटेवरून रोहा म्हणाला.

"भेटायला नाय आलो. खुर्ची द्यायला आलोय. माझी उचलून आणलीस."

"माहित हाय. तवा वाटंत, नागोठन्यालाच कळलेलं."

"मग परत का नाय आणलीस?"

"तू बोलावला नाय."

मालक खाली बसले, खाटेच्या कडेला, जमिनीवर. दोन खुर्च्या असताना. त्यांनी भावाचा तो उजवा हात उचलून आपल्या हातात घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला, एखाद्या मूर्तीचा हात तडकलाय का बघावा तसा. मग त्यांना रडू कोसळलं. मोठ्याने, कारखान्यातल्या माणसांसमोर. मीही रडले. दादरचा गृहस्थ नाकाला रुमाल लावून उभा होता, त्याच रुमालावर कुंकू असल्यामुळे त्याचं नाक लाल झालं.

धाकट्यांच्या बायकोने दाढीवाला राजा आणला. तो चुन्याच्या रिकाम्या डबीत कापसात ठेवलेला होता, स्वच्छ. गृहस्थाने दोन्ही नाणी तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. "ह्याच्या मागे थोडं वेगळं आहे," तो म्हणाला. "दोघांचं एकमेकांवरचं..."

"काय?"

"प्रेम. असं लिहिलंय."

"ते काय वाचायची गरज नाय," मालक घाईने म्हणाले. "ठेव ते." रोहाही भिंतीकडे तोंड करून दाढी खाजवू लागला.

मग काम सुरू झालं. फळीवरची पहिली मूर्ती खाली घेतली. मालकांनी उजवा डोळा एका दमात काढला. डाव्यासाठी त्यांनी ब्रश भावाच्या बोटांत धरवला, वरून स्वतःची मूठ मिटली आणि हात उचलला.

"वर घे," रोहा म्हणाला.

"वरच हाय."

"हात माझा हाय का तुझा?"

"हात तुझा, जोर माझा. गप ऱ्हा."

पहिला डोळा बिघडला. पुसला. दुसऱ्यांदा भुवईवरून जुंपली, पत्रा की छप्पर. तिसऱ्यांदा डोळा उतरला. शांत नाही, घाबरलेला नाही, जुना मिस्कीलही नाही. किंचित बाजूला गेलेला. दोघंही बराच वेळ बघत राहिले. तिरळा होता, यात शंका नव्हती.

"कुनाचा चुकला?" रोह्याने विचारलं.

"दोघांचा," मालक म्हणाले. "दुसरा आण."

ते चतुर्थीपर्यंत रोह्यालाच राहिले. पेणच्या मूर्ती टेम्पोने तिकडे नेल्या. काकीही गेल्या आणि मी रोज संध्याकाळी परत जाताना नाक्यावर उतरून डोकावायची. दोघं दिवसभर भांडत. भावाचा हात पुन्हा कधी चालला नाही, त्यामुळे पुढे दर श्रावणात पेण बिछाना घेऊन रोह्याला जात राहिलं. नागोठण्याचं नाव कुणी काढलं नाही. नाणी मात्र त्या दिवशीच्या गडबडीत बदलली. जाडे महाराज चुन्याच्या डबीत राहिले आणि दाढीवाला पेणला देव्हाऱ्यात आला. काकींच्या ते दुसऱ्याच दिवशी आंघोळ घालताना लक्षात आलं, दाढीत कुंकू अडकू लागलं तेव्हा. बदलून आणू का, असं त्यांनी विचारलं तर मालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्याचा माझ्याकडं असला तर बरं."

त्या वर्षी सगळेच गणपती थोडे तिरळे झाले. गिऱ्हाइकांनी काय केलं? काहींनी मूर्ती नेल्या, काही कुरकुरले, काही दुसरीकडे गेले. आमचा घरचा गणपती मी त्याच फळीवरून घेतला आणि एसटीने मांडीवर ठेवून गागोद्याला नेला. या वेळी तोंडावर कागद नव्हता. बसमधली माणसं वाकून वाकून बघत होती आणि मी कुणाला काही समजावून सांगितलं नाही.

घरी मखरात बसवला. बाबांनी दिवा वर धरून पाहिलं, मान तिरकी केली, परत पाहिलं.

"हा तिरळा हाय गो," ते म्हणाले. "एक डोळा आपल्याकडं हाय. दुसरा कुनाकडं बघतोय?"

आईने हात पुसले, पुढे आली आणि बराच वेळ त्या नजरेच्या रोखाने बघत उभी राहिली. तिला मी पेण-रोह्याचं काही सांगितलेलं नव्हतं. मग ती आत गेली, एक पाट घेऊन आली आणि गणपतीच्या डाव्या अंगाला, त्याच्या शेजारी, रिकामा मांडून ठेवला.